घड्याळवाल्यांच्या गाडीचं झाकण

थांबा, थांबा. घाई करू नका. आधी गाडी थंड होऊ द्या, मग मला हात लावा. माझं बाकीचं बोलणं विसरलात तरी चालेल, एवढं मात्र ध्यानात ठेवा, म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

मी रेडिएटरचं झाकण. तळहातात मावेन एवढा. वर धरायला दोन कान, खाली एक स्प्रिंग, आणि स्प्रिंगच्या टोकाला रबराची चकती. बस, एवढाच माझा संसार. काही टवाळ पोरांना एखाद्याला बावळट म्हणायचं असलं की ती म्हणतात, "अगदीच झाकण आहे तो!" मी ऐकून घेतो. रागावून काय करू? मला ना हात ना पाय.

पण माझं काम ऐका, मग ठरवा बावळट कोण ते. गाडीच्या इंजिनात पाणी फिरत असतं. ते फिरता फिरता तापतं. उघड्या भांड्यातलं पाणी लवकर उकळतं, दाबून ठेवलेलं उशिरा. म्हणून मी वर बसून दाबून धरतो. फारच दाब झाला तर जरासं तोंड उघडतो आणि जादाचं पाणी बाजूच्या प्लास्टिकच्या बाटलीत सोडतो. गाडी निवली की तेच पाणी परत आत ओढून घेतो. धरायचं आणि वेळ आली की सोडायचं. ऐकायला सोपं वाटतं ना? करून बघा एकदा.

कारखान्यात एका मोठ्या यंत्रानं मला ठोकून काढलं, तेव्हा माझ्यासारखे शेकडो होते. कोण कुठल्या गाडीवर गेला, काही पत्ता नाही. मी आलो एका लहानशा, निळ्या गाडीवर. पहिल्या मालकीणबाई गाणं शिकवायच्या. त्यांनी सात वर्षांत एकदाही बॉनेट उघडलं नाही. गाडी चालते म्हणजे तिच्या पोटात सगळं क्षेमकुशल आहे, असा त्यांचा भाबडा विश्वास. गाडीत बसून गळा साफ करायच्या आणि निघायच्या. त्या सात वर्षांत मला माणसाचा हात लागला नाही, पण सूर मात्र पुष्कळ लागले.

मग गाडी आमच्या आताच्या मालकांकडे आली. हे घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला काळं भिंग लावून दिवसभर खाली मान घालून बसायचे, म्हणून सगळा रस्ता त्यांना भिंगवाले म्हणायचा. आता दुकान बंद केलंय, पण पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल आहे, भिंग आहे, आणि कुणाकुणाची घड्याळं अजून येतच असतात. गाडी त्याच खिडकीखाली उभी असायची. त्यामुळे घरातलं बोलणं मला बॉनेटखालीसुद्धा ऐकू यायचं, आणि पुढच्या जाळीतून अंगण नि खिडकी दिसायची. मुद्दाम ऐकायचो असं नाही. पण कान दिलेत ना मला, तेही दोन.

भिंगवाले गाडी कशी चालवतात, ते सांगितलं तर तुम्हाला खोटं वाटेल. सायकलवाले पुढे निघून जातात आणि काही मदत पाहिजे का म्हणून मागे वळून बघतात. गाडीतलं घड्याळ मात्र सेकंदाला बरोबर. गाडी कुठे वेळेवर पोचल्याचं मला आठवत नाही, पण किती उशीर झाला ते नेहमी अचूक कळायचं.

त्यांची मुलगी तेव्हा सहावीत होती. घरात तिला छकुली म्हणायचे. पुढे ती शिकून जनावरांची डॉक्टर झाली, म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालू लागली, तरी घरात ती छकुलीच. ह्या घराची एक रीत होती. भिंतीवर सात जुनी घड्याळं, सगळी आठ दिवसांच्या चावीची. म्हणजे एकदा चावी दिली की आठ दिवस बघायला नको. दर रविवारी सकाळी छकुली स्टुलावर चढून सगळ्यांना चावी द्यायची आणि भिंगवाले खाली उभे राहून वेढे मोजायचे. "दहा... अकरा... बारा. पुरे गं, जास्त पिळू नकोस." तिची उंची वाढली, स्टूल सुटलं, पण मोजणं काही सुटलं नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

छकुलीला घाटापलीकडच्या जनावरांच्या दवाखान्यात जागा मिळाली. तिच्या मनासारखं काम. वस्त्या लांब लांब, आज इथे तर उद्या तिथे, म्हणून अट एकच होती, स्वतःची गाडी पाहिजे. महिनाभरानं सोमवारी रुजू व्हायचं. आठवडाभर तिकडेच एका खोलीत राहायचं. नाही जमलं तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होती.

भिंगवाले म्हणाले, "आपली गाडी घेऊन जा की. मी तरी कुठे जातो आता."

आणि नेमकी तेव्हाच गाडी तापायला लागली.

सपाटीवर काही नाही. गावामागे पाण्याच्या टाकीकडे जाणारा एक उभा चढ आहे. त्या चढाच्या तिसऱ्या वळणावर तापमानाचा काटा वर सरकायचा, बॉनेटमधून वाफ यायची आणि गाडी बसायची. टाकीचा चढ जी चढत नाही, ती घाट काय चढणार? घाटातल्या निर्जन रस्त्यावर वाफा सोडत उभ्या राहणाऱ्या गाडीच्या भरवशावर मुलीला कोण पाठवेल?

खरं सांगू? दोष माझा होता. माझी स्प्रिंग थकली होती. धरायचं तेवढं धरवेना. पाणी जरा तापलं की मी तोंड उघडायचो, सगळा दाब बाहेर, आणि पाणी लगेच खदखदायचं. मला कळत होतं. पण सांगणार कसं? आणि खोटं कशाला बोलू, थोडी लाजही वाटत होती.

छकुलीचे मामा रोज चहाला यायचे. मामांना सगळ्यातलं सगळं कळतं. त्यांनी गाडीकडे नुसतं लांबून बघितलं आणि निकाल दिला, "भाऊजी, पंप गेलाय. लिहून ठेवा."

"गॅरेजला टाकू या का, बाबा?" छकुलीनं विचारलं.

"चाळीस वर्षांत एक घड्याळ दुसऱ्याच्या हातात दिलं नाही मी," भिंगवाले म्हणाले. "ही काय, जरा मोठं घड्याळ. बघतो मी."

मग सुरू झाले आमचे रविवार.

भिंगवाल्यांची कामाची पद्धत घड्याळातली. पांढरा स्वच्छ कपडा अंथरायचा. जो भाग आधी काढला तो डाव्या हाताला, नंतरचा त्याच्या उजवीकडे, अशी रांग. लावताना उलट्या क्रमानं उचलायचं, म्हणजे चूक होत नाही. आता रेडिएटरपाशी पहिल्यांदा निघणार कोण? मीच. पण मला ते रांगेत ठेवतच नसत. कपड्याच्या वरच्या कोपऱ्यात, वेगळा. कारण घड्याळात सगळ्यात आधी निघतं ते मागचं झाकण, आणि ते नुसतं झाकण असतं. काम आतलं यंत्र करतं. चाळीस वर्षांची सवय हो! झाकण म्हणजे उघडायची वस्तू, बिघडायची नव्हे. मला छान पुसून, चकचकीत करून बाजूला ठेवायचे आणि गुन्हेगार शोधायला आत वाकायचे.

पहिल्या रविवारी त्यांनी रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कचरा काढला. माणूस पाण्याचा फवारा मारून मोकळा होईल. ह्यांनी घड्याळाचा मऊ ब्रश घेतला आणि भिंग लावून एकेक पाती साफ केली. सकाळी बसले ते दिवस कलल्यावर उठले. दोन माश्या आणि एक पाकोळी निघाली. पाकोळीसाठी क्षणभर थांबलेसुद्धा.

मग सगळे टाकीच्या चढावर. तिसऱ्या वळणावर काटा वर.

"हीटर लावा, हीटर!" मामा ओरडले. "इंजिनाची गरमी आत ओढून घेतो तो."

हे मात्र मामांचं खरं होतं. पण दिवस उन्हाळ्याचे. हीटर सुरू झाला आणि आत चौघं वांग्यासारखे भाजायला लागले.

"इंजिन निवतंय ना रे?" छकुलीच्या आईनं, म्हणजे आमच्या बाईंनी, पदरानं घाम पुसत भावाला विचारलं.

"निवतंय, ताई."

"मग मी उतरते. मी काही इंजिन नाही." आणि बाई खरोखर उतरल्या, चालत घरी गेल्या आणि गाडी परत आली तेव्हा त्यांचा स्वयंपाक होत आला होता.

दुसऱ्या रविवारी थर्मोस्टॅट निघाला. ही एक छोटी झडप. पाणी ठरावीक गरम झालं की ती उघडते आणि पाण्याला रेडिएटरकडे वाट देते. ती उघडते की नाही हे बघायला भिंगवाल्यांनी ती पातेल्यात पाणी घालून गॅसवर ठेवली.

"अहो!" बाईंचा आवाज सगळ्या घरात घुमला. "माझं दुधाचं पातेलं ते! त्यात गाडीचा मुरंबा करताय का?"

"जरा थांब, तोंड उघडतंय का बघतोय."

"माझं उघडलंय ते दिसत नाही का?"

झडप वेळेवर उघडली. तिचा काही गुन्हा नव्हता. पातेलं मात्र त्या दिवसापासून गाडीचंच झालं.

त्या संध्याकाळी परत चढ, परत तिसरं वळण, परत वाफ. मामांचा धीर सुटला. भिंगवाले "अहो नको, नको" म्हणेपर्यंत त्यांनी हातावर कोट गुंडाळला आणि मला फिरवलं. मी बिचारा काय करणार! मी निघालो तसं कूलंट घातलेल्या हिरव्या पाण्याचं कारंजंच उडालं. मामा बेडकासारखे मागे उडाले म्हणून वाचले. कोट हिरवा, चष्मा हिरवा, मिशीच्या एका टोकाला हिरवा थेंब.

"पंपच," मामा थेंब पुसत म्हणाले. "आता तर खात्रीच झाली."

तिसऱ्या रविवारी रेडिएटर धुऊन काढला, पट्टा तपासला, पंखा तपासला. ह्या खेपेला पंपही उघडून बघितला. पंप ठणठणीत. मामांनी त्यावर चहा मागवला.

दुपारी मामा गेले. भिंगवाले एकटे कपड्यासमोर बसले होते. सगळे भाग रांगेत, सगळे निर्दोष. कोपऱ्यात मी. त्यांनी मला पुसायला म्हणून उचललं आणि सवयीनं त्यांचा अंगठा माझ्या स्प्रिंगवर पडला.

स्प्रिंग दबली. नको तेवढी सहज दबली.

त्यांनी पुन्हा दाबून पाहिली. मग डोळ्यावरचं भिंग काढून ठेवलं. स्प्रिंग ओळखायला ह्या माणसाला भिंग लागत नाही. आयुष्यभर स्प्रिंगाच तर हाताळल्या. मला वाटलं, सुटलो एकदाचा! आता हे उठतील, नवं झाकण आणतील, माझी फजिती होईल, होऊ दे.

तेवढ्यात आतून छकुलीचा आवाज आला. ती आईला यादी वाचून दाखवत होती. "गमबूट, टॉर्च, गाईंचा थर्मामीटर, दोन पांघरुणं... आई, एक उशी नेऊ का? माझीच?"

"ने की. इथे कोण झोपणार आहे त्या उशीवर," आई म्हणाली.

भिंगवाल्यांचा अंगठा माझ्या स्प्रिंगवर तसाच होता. मी त्या अंगठ्याची नाडी मोजत होतो. मग त्यांनी मला नीट पुसलं आणि होतं तिथे, रेडिएटरच्या तोंडावर, परत घट्ट बसवून टाकलं.

संध्याकाळी गाडी तिसऱ्या वळणावर तापली. भिंगवाले म्हणाले, "काही कळत नाही बुवा."

चाळीस वर्षांत हा माणूस कुणाशी खोटं बोलला नव्हता. गिऱ्हाइकाला "तुमचं घड्याळ बरंच आहे, नुसतं पुसलं" असं सांगून पैसे न घेता परत पाठवणारा माणूस. पहिलंच खोटं, आणि तेही माझ्या जिवावर.

तो आठवडा मला फार जड गेला. भिंगवाले खिडकीतून गाडीकडे बघायचे आणि नजर लगेच दुसरीकडे न्यायचे. बाईंच्या नजरेतून काही सुटत नाही.

"तुम्हाला बिघाड सापडत नाही की सापडवायचा नाही?" त्यांनी एकदा भाजी निवडता निवडता विचारलं.

"असं काय बोलतेस?"

"मी कुठे काय बोलतेय? भाजीशी बोलतेय."

बुधवारी सकाळी भिंगवाले फिरायला गेले असताना कुणीतरी हळूच बॉनेट उचललं. छकुली. इंजिन गार होतं. तिनं मला उघडलं, उलटं केलं आणि अंगठ्यानं स्प्रिंग दाबली. एकदा. परत एकदा. अगदी बापाचाच अंगठा! लहानपणापासून त्याच टेबलाशी खेळलेली ती. खिडकीतल्या रिकाम्या खुर्चीकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग तिनंही मला परत लावून टाकलं.

म्हणजे आता बघा. बापाला माहीत, लेकीला माहीत, मला माहीत, आणि तिघंही गप्प. मी तरी बोलू शकत नाही. ह्यांना काय झालं होतं?

शनिवार आला. सोमवारी रुजू व्हायचं. छकुली वडिलांच्या टेबलापाशी आली.

"बाबा, उद्या चढावर जायला नको."

"का गं?"

"इथल्या दवाखान्याच्या तपासणीच्या खोलीत एक जागा आहे. नळ्या धुवायच्या, नोंदी करायच्या. पंख्याखाली बसून काम. मला तरी कुठे हौस आहे घाटापलीकडे चिखल तुडवायची? हे बघा, नाही म्हणून पत्र लिहून ठेवलंय. सोमवारी सकाळी देऊन टाकते." तिनं टेबलावर एक बंद पाकीट ठेवलं.

भिंगवाले हातातल्या घड्याळाकडे बघत म्हणाले, "बरं."

मग जाळीतून मला दिसलं. छकुलीनं गमबूट अंगणात आणले, नळाखाली धुतले आणि भिंतीशी उलटे करून ठेवले. नवे कोरे गमबूट, एकदाही चिखल न लागलेले. ते धुवायचं काय कारण, हे मला तेव्हा कळलं नाही. भिंगवाले काम सोडून त्या बुटांकडे बघत बसले. त्या दिवशी त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाचा तासकाटा उलटा बसवला. असं कधी झालं नव्हतं.

रविवार सकाळ. चावी द्यायची वेळ. मला खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

"सात... आठ... नऊ," भिंगवाले मोजत होते. छकुलीचा हात थांबला.

"पुरे?"

"पुरे कसं? अजून तीन."

"राहू दे ना, बाबा. आता मी इथेच आहे. बुधवारी परत देईन."

"अगं, स्प्रिंग अर्धी भरून कशी चालेल? पूर्ण भरायची आणि मोकळी सोडायची, तेव्हा ते घड्याळ चालतं. धरून ठेवून..."

एवढंच बोलले आणि थांबले. मग चपला पायात सरकवल्याचा आवाज आला आणि बॉनेट उघडलं. त्यांनी मला काढलं, रुमालात गुंडाळलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं.

"कुठे निघालात सकाळी सकाळी?" बाई आतून म्हणाल्या.

"आलोच."

सुट्या भागांचं दुकान रविवारी अर्धा दिवस उघडं असतं. भिंगवाले इतक्या भराभर चालले की मी खिशात आपटत होतो. दुकानदारानं मला हातात घेऊन उलटंपालटं केलं.

"काका, ही गाडी अजून चालते?"

"चढ सोडून सगळीकडे."

दुकानदारानं तसल्याच मापाची, तेवढ्याच दाबाची सहा-सात झाकणं पुढे टाकली. भिंगवाले एकेकाची स्प्रिंग अंगठ्यानं दाबून बघायला लागले. एक बाजूला, दुसरं बाजूला, पहिलं परत हातात.

"काका, टोमॅटो निवडताय का?"

"मुलगी एकटी घाटातून जाणार आहे," भिंगवाले म्हणाले.

दुकानदारानं आतून आणखी चार झाकणं आणून ठेवली.

नवं झाकण मी बघितलं. तरणाताठा गडी, रबर लुसलुशीत, स्प्रिंग अशी की अंगठ्याला उलट ढकलेल. थोडा मत्सर वाटला, कबूल करतो. पण मग तो माझ्या जागेवर बसला तेव्हा जो आवाज झाला ना, खट्ट, तो ऐकून मी मनातल्या मनात म्हणालो, बाबा रे, धर आता तू.

भिंगवाल्यांनी मला फेकलं नाही. रुमालात होतो तसाच परत खिशात. म्हणून पुढचं सगळं मला कळलं.

चौघं चढावर निघाली. चालवत होती छकुली, शेजारी भिंगवाले, मागे बाई आणि मामा. मामांनी खबरदारी म्हणून जुना कोट घातला होता. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या वळणाला मामांनी डोळे मिटून घेतले. भिंगवाल्यांचा हात खिशावर आला आणि मी त्यांच्या छातीशी दाबला गेलो. आत इतकी जोरात टिकटिक चालली होती! एवढं जोरात चालणारं घड्याळ त्यांनी स्वतःच दुरुस्तीला घेतलं असतं.

काटा मधोमध. हलला नाही. गाडी थेट टाकीपाशी जाऊन उभी राहिली.

मामा खाली उतरून वाकले. "एक थेंब नाही! बघा, मी म्हणालोच होतो."

"काय म्हणाला होतास तू?" त्यांच्या बहिणीनं विचारलं.

"हेच, की काहीतरी बिघडलंय."

ती दोघं भांडत भांडत टाकीच्या सावलीकडे गेली. गाडीत बापलेक राहिले.

"झाकण होतं," भिंगवाले म्हणाले.

"हं."

"मला गेल्या रविवारीच कळलं होतं, बाळ."

"मला बुधवारी."

छकुलीनं मागच्या सीटवरची पिशवी ओढली, आत हात घालून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. नवंकोरं झाकण. त्याच मापाचं.

"बुधवारीच आणलंय."

"मग बोलली का नाहीस? स्वतःच लावायचं होतंस."

"लावता आलं असतं. पण मला असं गुपचूप जायचं नव्हतं. तुम्ही 'जा' म्हटल्यावर जायचं होतं."

"आणि ते पत्र?"

"पाकीट रिकामं आहे, बाबा." कोरे गमबूट खिडकीसमोर कशाला धुतले होते, तेही मला आता कळलं.

"आणि मी आज नसतोच बोललो तर?"

"तर उद्या सकाळी हे लावून गेले असते," छकुली म्हणाली. "पण रडत."

भिंगवाले हसायला लागले. हसता हसता त्यांनी खिशातून रुमाल काढला. त्यात मी होतो हे विसरले, आणि मी टपकन पायाशी पडलो. दोघंही मला शोधायला एकदमच वाकले आणि त्यांची डोकी एकमेकांवर आपटली.

सोमवारी पहाटे छकुली गेली. गमबूट घालूनच गाडीत बसली. तिनं आणलेलं झाकण जादाचं म्हणून डिकीत ठेवलंय. आता ह्या गाडीला झाकणांची कमी नाही.

माझं म्हणाल तर मी आता भिंगवाल्यांच्या टेबलावर असतो. उलटा. माझी थकलेली स्प्रिंग त्यांनी काढून टाकली आणि आता माझी छोटीशी वाटी झालीय. घड्याळाचे बारीक बारीक स्क्रू माझ्यात ठेवतात. एक स्क्रू हरवला की सगळं घड्याळ अडतं, म्हणून पहिल्यांदा हात माझ्याकडेच येतो. रांगेतच ठेवलंय आता मला, कोपऱ्यात नाही. मी लवकर सोडत होतो, ते सोडतच नव्हते, असे आम्ही दोघं समोरासमोर बसून असतो.

छकुली दर रविवारी येते. घड्याळांना चावी देते, तिचे बाबा मोजतात, आई तिच्या डब्यात काहीबाही कोंबत राहते. गाडी तापते का म्हणून मामा विचारतात आणि ती नाही म्हणाली की जरा नाराज होतात.

कालच्या रविवारी मात्र ती आली नाही. फोन आला, एक म्हैस अडलीय, आज निघता येत नाही. दुपार झाली, संध्याकाळ झाली. बाई घड्याळांकडे बघत म्हणाल्या, "अहो, तुम्हीच द्या की चावी. बंद पडतील."

भिंगवाल्यांनी माझ्यातला एक स्क्रू चिमट्यानं उचलला, भिंगाखाली धरला आणि शांतपणे म्हणाले, "आठ दिवसांची चावी आहे. अजून एक दिवस आहे."

मी म्हातारा झालोय, फार बोललो. आता एकच विनवणी. तुमची जुनी गाडी तापायला लागली तर सगळं खोलत बसण्याआधी वरच्या त्या लहानशा झाकणाची स्प्रिंग एकदा अंगठ्यानं दाबून बघा. गाडी थंड झाल्यावर हं. आणि जुनं झाकण फेकू नका. स्क्रू ठेवायला होतं.

गप्प बसतो आता. रस्त्यावरून निळ्या गाडीचा हॉर्न ऐकू येतोय, आणि भिंगवाले भिंग न काढताच दाराकडे धावलेत.